भिलाईकर

रुआबांधा, भिलाई
२ मार्च

चि. अमरदीप,

तुला आणि सूनबाईला बाबांचा जय भीम, आणि या वयात जेवढा आशीर्वाद शिल्लक असेल तेवढा सगळा.

दोन वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी आजारी नाही. तुमची खुशाली विचारायची पद्धत आहे, पण ती मला रोज जेवताना कळते. तुझी आई तुझ्याशी बोलून फोन ठेवते आणि सगळं मोठ्यानं सांगते, मला नाही, भिंतीला. भिंत ऐकून घेते, मग मीही ऐकतो. रीनाच्या पायांना सूज आहे, डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं आहे आणि तिला लोणचं काही सोडवत नाही, एवढं आमच्या भिंतीला ठाऊक आहे. रीनाला म्हणावं, लोणच्यावरचं तेल काढून फक्त फोड खा. हे भिंतीकडून समज.

फोन करायला हवा होता, पण फोनवर माझा आवाज चढतो. इतकी वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसलो, तिथं ओरडल्याशिवाय खालच्याला काही ऐकू जात नसे. ती सवय गेली नाही. कागदावर आवाज चढत नाही असा अनुभव आहे.

इकडचं म्हणशील तर ऊन आत्ताच तापलं आहे. शेजारच्या मैनाबाईंनी कूलर काढून धुऊन ठेवला. माझ्या शिफ्टचे चिंधूकाका तुझी चौकशी करतात, तू मजेत आहेस असं मी सांगतो. त्यांचा मोनू रेल्वेत लागला, बिलासपूरला असतो. आपल्या अंगणातल्या सीताफळाला मी फार छाटलं असं आईचं म्हणणं आहे आणि ते खरं असावं.

आम्ही समुद्रावर जाऊन आलो ते तुला माहीत आहे. आईनं फोटो पाठवलेच असतील. फोटोत मी हसतो आहे ते खोटं नाही, ते पहिल्या दिवसांतले आहेत.

कल्पना तुझ्या आईची. तिनं फोनवर कुठल्याशा दोन बायका पाहिल्या. पाठीवर पिशव्या घेऊन त्या समुद्राच्या काठाकाठानं या गावाहून त्या गावी पायी चालल्या होत्या. मला दाखवून म्हणाली, असं पाहायचं आहे. मी म्हटलं, यात्रा कंपनीबरोबर जाऊ, जेवणखाण सगळं त्यांच्याकडे असतं. तर तिनं बोधगयेची आठवण काढली. त्या कंपनीनं उतरा, पाहा, बसा करत नेलं होतं आणि तिला बोधगयेपेक्षा बसचा निळा पडदाच जास्त आठवतो. मग माझं काही चाललं नाही.

ठरलं ते असं, की मालवणहून दक्षिणेकडे वेंगुर्ल्यापर्यंत पायी जायचं. गाइड नाही, गाडी नाही, सामान आपलं आपण उचलायचं. मॅपवर बोट फिरवून मुक्कामाची गावं मी निवडली, तिथल्या घरगुती खोल्यांना फोन केले. प्लांटमध्ये शटडाऊन घ्यायच्या आधी जशी बैठक होते तशा बैठका मी तुझ्या आईबरोबर स्वयंपाकघरात घेतल्या. सरावासाठी रोज सकाळी नेहरू नगरपर्यंत जाऊन यायचो, पाठीवरच्या पिशवीत वजनाला तांदूळ. मैनाबाईंनी थोडे दिवस पाहिलं आणि मग विचारलं, की तांदूळ रोज गिरणीवर नेता आणि न दळता परत का आणता.

मी सेफ्टी शूज घालून गेलो होतो. हसू नकोस. पाय सगळ्यात सुरक्षित कशात राहतात ते मला शिकवायला आलेला माणूस अजून जन्मला नाही, असं मी तुझ्या आईला सांगितलं होतं. मालवणच्या वाळूत दहा मिनिटं चाललो आणि दोन्ही बुटांत मिळून एक घमेलं वाळू भरली. पुढ्यात पोलाद असलेले बूट पाठीवर बांधून मी अनवाणी चाललो, पुढचे सगळे दिवस. तुझी आई मधूनमधून मागं राहून बुटांकडे पाहायची.

समुद्र तुला माहीत आहे, तू गोव्याला कॉलेजातून गेला होतास. आम्हाला नवा. तुझी आई पहिल्या दिवशी काठावर नुसती उभी राहिली. मी विचारलं, काय वाटतं. ती म्हणाली, रात्री झोप चांगली लागेल. आणि खरंच लागली. इथं घरात बसल्या बसल्या प्लांटची घरघर चोवीस तास कानांवर असते, ती थांबली की आपल्याला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. तिथं लाटांचा आवाज तसाच थांबत नाही.

देवबागला खाडी होडीनं ओलांडली. पुढे एका किनाऱ्यावर लोक रापण ओढत होते, म्हणजे समुद्रात लांबवर टाकलेलं मोठं जाळं दोन्ही दोरांनी काठावर खेचून आणायचं. तीसचाळीस माणसं होती. तुझ्या आईनं चप्पल काढली, पदर खोचला आणि सरळ दोराला हात घातला. मग मलाही घालावा लागला. तासभर ओढलं. जाळं आल्यावर त्यांनी वाटे केले आणि त्यातले चारपाच बांगडे तुझ्या आईच्या ओच्यात टाकले. दोर ओढला त्याला वाटा, असा तिथला रिवाज आहे. कोण, कुठले, काही विचारलं नाही. ते बांगडे आम्ही मुक्कामाच्या घरी दिले आणि त्यांनी तळून वाढले. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशी झाला नव्हता.

वाटेत एकच प्रश्न सगळे विचारत, तुमची गाडी कुठं आहे. गाडी नाही म्हटलं की दुसरा, मग नवस आहे का. नवसही नाही म्हटलं की लोक आमच्याकडे जरा काळजीनं पाहत.

असे तीन मुक्काम झाले. चौथ्या गावाहून निघालो तेव्हा खडकावरून तुझ्या आईचा पाय घसरला आणि मुरगळला. त्याच गावात आणखी थांबावं लागलं. मग वेंगुर्ल्याला पोचलो आणि परत आलो. आता पाय बरा आहे, ती सकाळी फिरायलाही येते. प्रवास एकंदरीत छान झाला. तुम्ही दोघं तब्येतीला जपा.

तुझा,
बाबा

५ मार्च

वरचं पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं. तुझ्या आईनं विचारलं, लिहिलं का. मी हो म्हटलं. वाचून दाखवा म्हणाली. वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, “हे तं फिराले गेलो त्याचं पत्र झालं. पोराले जे सांगाचं होतं ते कुठी हाय?”

तेव्हा पाकीट पुन्हा उघडलं आहे.

चौथ्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या बाईंची काही चूक नव्हती, आणि उगाच कोणी त्यांच्याकडे बोट दाखवायला नको. समुद्रापासून थोडं वर नारळांच्या बागेत घर होतं. सुनिताताई म्हणून चाळिशीच्या बाई, नवरा बोटीवर, आणि पडवीत सुपारी कातरत बसलेली सासू. खोली स्वच्छ होती. मालवणला आमची आधार कार्डं पाहिली होती, इथं कोणी काही मागितलं नाही. दुपारी सासूबाईंनी आम्हाला जवळ बसवून त्यांच्या भावाच्या मुंबईतल्या गिरणीच्या गोष्टी सांगितल्या. मी भट्टीच्या सांगितल्या. रंगलो होतो आम्ही.

रात्री जेवायला बसलो. माशाची आमटी, भात, सोलकढी. सुनिताताई वाढत होत्या आणि सहज बोलत होत्या. कुठले तुम्ही? भिलाई. ती कुठं आली? छत्तीसगडात, तिथं लोखंडाचा कारखाना आहे. मग भाताचा चमचा हातात धरून त्यांनी विचारलं, “आणि आडनाव काय तुमचा?”

अमरदीप, मी म्हणालो, “भिलाईकर.”

कोणी धमकावलं नव्हतं. कोणी डोळे वटारले नव्हते. बाई भात वाढत होती आणि तिला मला हाक मारायला काहीतरी हवं होतं. आमच्या भिलाईत असं आडनाव असलेला माणूस एक नाही. सगळेच बाहेरून आलेले, भिलाईकर कोण होणार. पण कोकणात मालवणकर असतात, वेंगुर्लेकर असतात, तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. ती हसून म्हणाली, म्हणजे गावाचं नावच तुमचं नाव. आणि मग जेवण संपेपर्यंत सुरू झालं. भिलाईकर, अजून भात घाला. भिलाईकर, आमटी तिखट झाली काय. प्रत्येक वेळी मी हो म्हणत होतो.

तुझ्या आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ताटाकडे पाहून जेवली. खोलीत गेल्यावर तिकडे तोंड करून झोपली.

मला त्या घरातून निघायची घाई झाली होती. हे आता लिहितो आहे, तेव्हा मी मनाशीही कबूल केलं नव्हतं. तेव्हा मी वेळापत्रकाचं कारण सांगितलं. मालवणला पहिल्या सकाळी आम्हाला कळलं होतं, की आठच्या सुमारास पाणी पूर्ण मागं जातं आणि डोंगराच्या पायथ्यानं सुकी वाळू मिळते. ते मी डोक्यात पक्कं बसवलं. आठ वाजता ओहोटी, म्हणजे रोज आठ वाजता ओहोटी. फर्स्ट शिफ्ट सहाला लागते ती रोज सहालाच लागते, उद्या पावणेसातला लागत नाही. समुद्राची ड्युटी रोज पाऊण तासानं पुढे सरकते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आधीच्या दिवसांत वाटेत टेकडी नव्हती म्हणून ते कळलंही नाही.

तर त्या सकाळी आठला आम्ही गावाच्या टोकाला पोचलो आणि जिथं वाळू असायला हवी तिथं पाणी खडकांवर आपटत होतं. जाळं विणत बसलेल्या एका माणसानं सांगितलं, बसा सावलीत, तीन तासांत वाट मोकळी होईल. वरून टेकडीची पायवाटही होती, पण ती पुन्हा गावातून, त्याच घराच्या पुढून जात होती. मी म्हटलं, आपण खडकांवरून जाऊ, एवढंसं तर आहे.

तुझ्या आईनं हात वर केला. तळवा माझ्याकडे, बोटं ताठ. 

तुला लहानपणी मी क्रेनच्या खुणा शिकवल्या होत्या, आठवत असेल. वर घ्या, खाली सोडा, डावीकडे. या खुणा फक्त नेमलेल्या माणसाच्या मानायच्या, दुसऱ्या कोणी हात हलवले तरी पाहायचं नाही. पण थांबण्याची खूण कोणीही केली तरी थांबायचं. साहेब असो, झाडूवाला असो, गेटवर चहा आणणारा असो. कोणी का केली ते नंतर विचारायचं. सगळ्या नोकरीत हा नियम मी एकदाही मोडला नाही, त्यामुळेच माझ्या क्रेनखाली कोणाला साधं खरचटलं नाही. त्या सकाळी मी तुझ्या आईचा हात पाहिला आणि खडकावर पाय ठेवला.

ती मागं आली, कारण ती मागं येतेच. थोडं गेलो असू. एक लाट आली, फार मोठी नव्हती, तिचा पाय शेवाळावरून सरकला आणि दोन खडकांच्या मधे गेला. तिचा आवाज ऐकून मी वळलो. मी तिला ओढून वर घेतलं तेव्हा आम्ही दोघं गळ्यापर्यंत भिजलो होतो आणि तिचा घोटा डोळ्यांदेखत सुजत होता.

तिथंच खडकावर बसून ती बोलली. रडली नाही, ओरडली नाही. माझ्या लक्षात आहे ते शब्दाला शब्द लिहितो.

“पोरानं दारावर नाव नाई लावलं, तं तुमी त्याच्या घरचं पानी नाई पेले. रीना पोरगी गिलास घेऊन उभी होती. त्याले तीन घरवाल्यांनी नाव आयकून वापस धाडलं होतं, तवा त्यानं थे पाटी केली. तुमाले इथं कोनं वापस धाडलं होतं?”

मी म्हटलं, कोणी नाही.

“मंग पोरावर कावून रुसून राहिले?”

त्याचं उत्तर इथं देतो, जमेल तसं.

मी तुझ्या दारावर 'अमरदीप के.' वाचलं, माझ्या नावाचं एक अक्षर आणि आडनाव नाहीच, तेव्हा मला वाटलं, पोरानं बसून विचार करून बापाला पुसून टाकलं. माझा बाप गोंदियाच्या बाजूनं इथं आला, कॅम्प-१ या मजुरांच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहिला, प्लांट उभा राहताना त्यानं डोक्यावर माती वाहिली. मला प्लांटमध्ये सगळे आडनावानंच हाक मारत. वरून माझी क्रेन निघाली की खाली त्याच नावाचा पुकारा व्हायचा. मी त्या नावानं ताठ मानेनं जगलो, आणि तू ते एका टिंबात बसवलंस, असं मी तुझ्या दारात उभा राहून ओरडलो होतो. शेजाऱ्यांनी दारं उघडली होती. ज्यांच्यापासून तू जपत होतास त्यांनाच मी सगळं ऐकवत होतो, हेही मला त्या खडकावर पहिल्यांदा कळलं.

ताठ मानेनं जगलो हे खोटं नाही. पण भिलाईत मला कोणी कधी विचारलंच नाही रे. आम्ही कोण ते कॅम्पमध्ये सगळ्यांना माहीत होतं, प्लांटमध्ये माहीत होतं, रुआबांध्यात माहीत आहे. चौदा एप्रिलला आपल्याच दारासमोरून मिरवणूक निघते. मी ते नाव लपवलं नाही, कारण लपवायची सोयच नव्हती. सोय मिळाली त्या पहिल्याच रात्री मी लपवलं. तू विचार करून केलंस असं धरून मी दोन वर्षं रागावलो. माझ्या तोंडून निघायला विचारही लागला नाही. ते आधीपासून आत कुठंतरी तयार होतं, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटते.

पुढचं सांगतो. जाळं विणणाऱ्या माणसानं आणि मी मिळून तिला उचलून परत आणलं, त्याच घरी. सुनिताताईंनी हळद तापवून लेप लावला, स्वतःच्या हातानं. आणि लेप लावता लावता म्हणाल्या, भिलाईकर वहिनी, दोन दिवस हलू नका.

तुझी आई म्हणाली, “ताई, आमी भिलाईकर नाई. आमी गजभिये. बाबासायबाचे लोक आहो आमी, भिलाईले राहातो.”

सासूबाईंचा अडकित्ता थांबला. सुनिताताईंचा हात घोट्यावरच होता, तो त्यांनी काढला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मगे तुम्ही तसा कित्याक सांगितलात?” म्हणजे, मग तुम्ही तसं का सांगितलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि तरी विचारत होत्या. मी नारळाच्या झाडांकडे पाहत राहिलो. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी वाईट बोलावं, म्हणजे माझं भिलाईकर होणं बरोबर होतं असं तरी ठरेल.  त्या एवढंच म्हणाल्या, लेप वाळू द्या.

त्या रात्रीचं जेवण मी चोरासारखा पाहत जेवलो. ताटं तीच होती. बसायची जागा तीच. भाताचा चमचा तोच. फक्त सासूबाई संध्याकाळी लवकर आत गेल्या, आदल्या दिवशीसारख्या पडवीत बोलत बसल्या नाहीत. वारा होता, गारवाही होता. म्हातारं माणूस गारव्याला आत जातंच. मी तेव्हापासून यावर रोज विचार करतो आणि ठरवता येत नाही. तुला हे असं रोज करावं लागत असेल, जिन्यात, ऑफिसात, कोणी दार जरा जोरात लावलं तरी. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, होकार असतो किंवा नकार असतो.

दोन दिवसांनी आईला रिक्षात बसवून वेंगुर्ल्याला पुढे पाठवलं. मला तिनं चालत यायला सांगितलं. म्हणाली, ठरवलं होतं तर एकानं तरी पुरं करा. तो शेवटचा टप्पा मी एकटा चाललो, या वेळी पाणी कधी जाईल ते आधी विचारून. वाटेत जो भेटेल त्याला मी पूर्ण नाव सांगत सुटलो. चहावाल्यानं फक्त साखर किती असं विचारलं होतं. होडीवाल्यानं किती जण असं विचारलं होतं. वेंगुर्ल्यात बुटांची तुटलेली नाडी बदलून देणाऱ्या चांभाराला सांगितलं, तर त्यानं स्वतःचं नाव सांगितलं आणि आम्ही थोडा वेळ बसलो. तुझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती त्या घरानंतर पहिल्यांदा हसली.

आता ज्यासाठी पाकीट उघडलं ते लिहितो.

आई महिनाअखेर पुण्याला येईल. रीनाची आई नाही, तेव्हा हे बाळंतपण तिनंच करायचं हे ठरलेलंच आहे. मी येणार नाही असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो, तुलाही ते कळलं असेल. मला यायचं आहे. मला ते बाळ पहिल्या दिवशी पाहायचं आहे. रीनाच्या हातचं पाणी प्यायचं आहे, ते राहून गेलं आहे. त्या दिवशी ती ग्लास तसाच धरून उभी होती, हे मी विसरलो नव्हतो, फक्त कोणाला सांगत नव्हतो.

पाटीबद्दल मी काही बोलणार नाही. माझं मत बदललं असं समजू नकोस. दारावर आपलं नाव असावं असं मला आजही वाटतं. पण ते दार तुझं आहे, भाडं तू भरतोस, आणि तीन दारं बंद झालेली तू पाहिलीस. मी एकही पाहिलं नाही. ज्यानं पाहिलं नाही त्यानं किती बोलावं याला काही हिशेब हवा.

अडचण एकच आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. मी तिथं महिना दीड महिना राहीन. सकाळी खाली फिरायला जाईन. बाळ थोडं मोठं झालं की त्याला उन्हात घेऊन बसेन. तुमच्या सोसायटीत माझ्यासारखे म्हातारे असतीलच, आणि म्हाताऱ्यांना दुसरं काम नसतं. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी विचारेल, आजोबा, तुमचं नाव काय. तेव्हा मी टाळू शकणार नाही. एकदा टाळून पाहिलं, आता माझ्यानं ते होणार नाही. मी नाव सांगेन, पूर्ण. त्यानंतर तुझा घरमालक काय म्हणेल, शेजारी काय करतील, रीनाला या अवस्थेत काय सोसावं लागेल, हे मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

म्हणून मी येतो असं कळवत नाही, येऊ का असं विचारतो. सूनबाईशी बोल. नको असेल तर सरळ नको लिही. मी रागावणार नाही, आणि या वेळी ते खरं आहे. आईला मी गुडघ्याचं कारण सांगेन. बाळ मोठं झालं की तुम्ही इकडे आणा, इथं कोणी विचारत नाही.

आणि ये म्हणालास तर पहिल्या गाडीनं निघतो. पण नीट विचार करून बोलाव, कारण येणारा माणूस हाच असेल,

तुझा बाबा,
कवडू गजभिये